खाजकुहिली आणि कंपवात

- आजार : कंपवात म्हणजे पार्किन्सन्स. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हातापायांना कंप, ताठरपणा, मंदावलेल्या हालचाली ही मुख्य लक्षणे. जेम्स पार्किन्सन यांनी 1817 मध्ये वर्णन केले.
- वनस्पती : खाजकुहिली ही शेंगवर्गीय वेल. संस्कृत नावे कपिकच्छू, आत्मगुप्ता. शेंगेवरच्या कुसळांनी खाज सुटते. औषधी उपयोग बियांचा.
- घटक : बियांमध्ये साधारण 4 ते 6 टक्के लेव्होडोपा. प्रमाण वाणानुसार बदलते. लेव्होडोपा बाकल्याच्या शेंगांतून 1913 मध्ये, खाजकुहिलीतून 1937 मध्ये वेगळा काढला.
- कार्य : डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि तिथे त्याचे डोपामिन बनते.
- गोळी आणि बी : लेव्होडोपाच्या गोळीत मात्रा ठरलेली, सोबत सहसा कार्बिडोपा, त्यामुळे मेंदूत पोहोचण्याआधी लेव्होडोपा कमी खर्ची पडतो. बियांच्या चूर्णात मात्रा अनिश्चित.
- मर्यादा : दोन्हींनी लक्षणे कमी होतात, आजार बरा होत नाही.
- धोके : मळमळ, रक्तदाब उतरणे, अनैच्छिक हालचाली, भास. चालू गोळ्यांसोबत चूर्ण घेतल्यास मात्रा वाढते. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय चूर्ण सुरू करू नये, गोळ्या बंद करू नयेत.
- दिनविशेष : 11 एप्रिल, जागतिक पार्किन्सन्स दिन.