मालवाहू ट्रकचे मागील शॉक ॲब्सॉर्बर : परीक्षण आणि निर्णय

प्रस्तावना :

मालवाहू वाहनाच्या देखभालीत इंजिन, ब्रेक व टायर यांना जे महत्त्व मिळते, ते शॉक ॲब्सॉर्बरच्या वाट्याला येत नाही. हा भाग निकामी झाला तरी गाडी बंद पडत नाही, हे त्यामागील प्रमुख कारण होय. मागील शॉक ॲब्सॉर्बर बदलण्याची वेळ आली आहे किंवा नाही हे कसे ओळखावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कार्यतत्त्व :

गाडीचा भार पाटे पेलतात, शॉक ॲब्सॉर्बर नव्हे. गाडी मागे बसली की 'शॉकअप गेले' असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः तो दोष पाट्यांचा किंवा अतिरिक्त भाराचा असतो. चाक खड्ड्यातून गेल्यावर पाटा दबतो व पुन्हा उसळतो. हे आंदोलन शमविणे, एवढेच शॉक ॲब्सॉर्बरचे कार्य. त्यातील दट्ट्या तेलाला अरुंद छिद्रांतून ढकलतो आणि गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडील अनेक जड ट्रकांना मागील बाजूस शॉक ॲब्सॉर्बर नसतातच. पाट्यांच्या जाड चळतीतील परस्पर घर्षणानेच आंदोलन शमते. मोजक्या पात्यांचे पॅराबोलिक पाटे किंवा हवेच्या फुग्यांचे सस्पेन्शन यांत असे घर्षण अत्यल्प असल्याने तेथे मात्र तो अनिवार्य ठरतो.

परीक्षण :

मोटारीचा कोपरा दाबून सोडण्याची प्रचलित पद्धती ट्रकला लागू पडत नाही, कारण त्याचे पाटे माणसाच्या वजनाने दबत नाहीत. तेलाच्या डागावरूनही घाईने निष्कर्ष काढू नये. सीलजवळ तेलाचा पातळ थर व त्यावर बसलेली धूळ हे स्वाभाविक आहे. तेल ओघळून नळकांडे ओले झाले असेल, तरच तो दोष समजावा.

सर्वांत उपयुक्त कसोटी उष्णतेची आहे. खडबडीत रस्त्यावर १५ ते २० मिनिटे गाडी चालवावी, चाकांना अडथळे लावावेत आणि लगेच अवरक्त तापमापकाने दोन्ही शॉक ॲब्सॉर्बरचे व शेजारच्या चासीचे तापमान पाहावे. उघड्या हाताने स्पर्श करणे धोक्याचे आहे. दोन्ही चासीपेक्षा गरम आणि परस्परांच्या जवळपास असतील, तर ते कार्यरत आहेत. एक गार असेल तर तो काम करीत नाही. पुष्कळदा अधिक तापलेल्यावर संशय घेतला जातो. प्रत्यक्षात तो आपल्या निकामी जोडीदाराचेही काम करीत असतो. मात्र बुश झिजल्याने किंवा बोल्ट सैल झाल्यानेही दट्ट्याला हालचाल मिळत नाही व शॉक ॲब्सॉर्बर गार राहतो. म्हणून खर्च करण्यापूर्वी दोन्ही टोके तपासणे इष्ट.

टायरवर ठराविक अंतराने पडलेले खोलगट चट्टे हीदेखील एक खूण आहे. पण चाकाचे असंतुलन वा सैल बेअरिंग यांमुळेही तसे घडते.

खरा धोका गाडी रिकामी असताना उद्भवतो. माल भरलेला असताना चाके रस्त्याला दाबलेली असतात, त्यामुळे दोष लपतो. माल उतरवून परतताना तीच मागील चाके खड्ड्यांवरून उड्या मारू लागतात. नेमक्या त्या क्षणी ब्रेक लावल्यास टायरची रस्त्यावरील पकड अपुरी पडते. त्यामुळे 'भरलेली गाडी छान चालते' हा चालकाचा निर्वाळा या बाबतीत पुरावा मानता येत नाही. रिकाम्या फेरीत मागचा भाग कसा वागतो, हे त्याला आवर्जून विचारावे.

संशय उरल्यास खालचे टोक सोडवून शॉक ॲब्सॉर्बर ताणून व दाबून पाहावा. ताणताना विरोध सामान्यतः अधिक जाणवतो. संपूर्ण हालचालीत कोठेही अचानक मोकळेपणा आढळला, तर तो बदलावाच. एका आसावरील दोन्ही एकाच वेळी बदलणे योग्य; अन्यथा नवा व जुना यांचा विरोध असमान राहतो. साध्या तेलाचा नवा शॉक ॲब्सॉर्बर बसविण्यापूर्वी उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण ताणावा व दाबावा, म्हणजे तेलाच्या कक्षेत अडकलेली हवा निघून जाते.