माळ पायाखाली घालताना

रोज फिरायला जा, असे सांगितले की रुग्णाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठे जाऊ?" डांबरी रस्त्यावर मोटारसायकली अंगावर येतात, गल्लीत कुत्री मागे लागतात आणि बाग म्हणावी अशी जागा लहान गावात नसतेच. भोकरदन तालुक्यात गिरजा नदीच्या खोऱ्यातल्या हसनाबाद परिसरातील मंडळींना मात्र हा प्रश्न पडू नये. काळ्या रानाची शेते संपली की मुरमाड माळ लागतो. तिथे ना फाटक, ना तिकीट.

या माळाला आपण सहज 'पडीक' म्हणतो. खाली काळा खडक, वर वीतभर मुरूम आणि पाऊस बेताचा, त्यामुळे तिथे झाडे उंच होत नाहीत, पण कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते जोमाने येतात. तरवड, बोर, हिवर मधून मधून उभी असतात. सकाळी तितर ओरडतो, चंडोल गात गात वर चढतो, सशाच्या लेंड्या दिसतात. मेंढपाळाला हे सगळे ठाऊक असते. चष्मा लावून दूरदर्शनसमोर बसणाऱ्या आपल्यालाच ते सांगावे लागते! इंग्लंडमध्ये अशाच उघड्या, वाऱ्याच्या माळांवर पाय मोकळे करता यावेत म्हणून मँचेस्टर भागातील कामगार 1932 साली मनाई मोडून किंडर स्काउट डोंगरावर चढले होते व त्यापायी काहींनी तुरुंगवास भोगला. आपल्याला असली मनाई नाही, तरी आपण जात नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम सांगते. माळावरची चाल त्यात सहज बसते. किंबहुना सपाट रस्त्यापेक्षा थोडी जास्तच कामी येते, कारण उंचसखल जमिनीवर घोटे, पोटऱ्या आणि कंबर यांना सतत तोल सांभाळावा लागतो. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, ही गती योग्य समजावी. छातीत दुखत असेल, चढावर धाप लागत असेल, तर आधी तपासणी, मग माळ. गुडघे कुरकुरत असतील तर उतारावर काठी घ्यावी.

मुलांसाठी तर हा माळ औषधच आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात काही शाळांनी रोज 40 मिनिटे उघड्यावरचा एक जादा तास ठेवला. तीन वर्षांनी त्या शाळांतील 100 पैकी सुमारे 30 मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते, तर इतर शाळांत तोच आकडा 40 च्या घरात होता. हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. हातभर अंतरावरच्या मोबाइलकडे दिवसभर पाहणाऱ्या डोळ्यांना क्षितिज दाखवायचे, तर माळाइतकी सोयीची जागा नाही.

तो मोबाइल मात्र अगदीच घरी ठेवू नये. आदल्या रात्री घरातल्या मुलाला जवळ बसवून माळ पडद्यावर पाहावा. 'इस्रो'ने 2009 साली सुरू केलेल्या 'भुवन'वर उपग्रहाने टिपलेली चित्रे आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशेही आता इंटरनेटवर मिळतात. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. तपकिरी रेषा जवळ जवळ आल्या की चढ तीव्र समजावा. चार-पाच किलोमीटरची वाट आधीच अशी मापून घेतली की म्हातारा-कोतारा किती चालेल, याचा अंदाज येतो.

पण नकाशावर भिस्त ठेवून पाण्याची बाटली घरी विसरू नये. चित्र कोणत्या महिन्यातले आहे, हे महत्त्वाचे. सप्टेंबरात निळा दिसणारा पाझर तलाव मार्चमध्ये भेगाळलेला असतो आणि पडद्यावरची हिरवळ म्हणजे सावली नव्हे. माणशी दीड-दोन लिटर पाणी सोबत हवेच. माळाचे खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी नऊच्या आत घरी परतावे. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याचे अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात होय. त्याला सावलीत निजवून अंगावर पाणी ओतत वारा घालावा, तोंडात पाणी ओतू नये आणि 108 क्रमांकावर गाडी बोलवावी. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल, तर रेंज नसतानाही मोबाइल आपली जागा दाखवतो. रेंज आली की तीच जागा गाडीवाल्याला सांगता येते.

कुसळे पायजम्यात घुसतात, म्हणून जाड कापड व बंद बूट हवेत. त्याच बुटांनी फुरशापासूनही बचाव होतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यातील फुरशाला खडकाळ माळ फार मानवतो. चावल्यास कापू नये, चोखू नये, आवळून दोरी बांधू नये. तो अवयव फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवून थेट सरकारी दवाखाना गाठावा. या चारही सापांवर एकच लस चालते.

दगड मात्र उगाच उलथू नयेत, खाली लाल विंचू असतो. विंचवाचे नाव निघाले की आपल्या तालुक्याची आठवण निघायलाच हवी. डॉ. हिंमतराव बावस्कर हे भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना त्यांनी पाहिले की विंचू चावलेली माणसे वेदनेने नव्हे, तर हृदय थकून फुप्फुसात पाणी भरल्याने दगावतात. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून नोंदी ठेवल्या व रक्तदाबावरचे 'प्राझोसिन' हे स्वस्त औषध वापरून पाहिले. त्यांचे हे काम 1986 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. गंभीर रुग्णांत 100 मागे 40 च्या आसपास असलेले मृत्यू त्यानंतर अगदी थोड्यांवर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा विंचू चावल्यावर नुसती आग होत असेल तर घाबरू नये. पण दरदरून घाम, उलटी, गार पडलेले हातपाय दिसले तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नये. लहान मुलाला तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे.

आणखी एक गोष्ट, जी नेहमी राहून जाते. पावसाळ्यानंतर गवतात-झुडपांत डोळ्यांना न दिसणारे बारीक किडे असतात. त्यांच्या चाव्याने 'स्क्रब टायफस' नावाचा ताप येतो. 2018 साली विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. चाव्याच्या जागी, बहुधा काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली, काळी खपली दिसते, पण ती दुखत नसल्याने कोणी बघत नाही. माळावरून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि साबणाने अंघोळ करावी. पुढे एक ते तीन आठवड्यांत ताप आलाच तर 'डॉक्सिसायक्लिन' या साध्या गोळ्यांनी तो बरा होतो. मात्र डॉक्टरांना "मी गवतात फिरून आलो होतो" एवढे आपणहून सांगावे.