सातपुड्याच्या पायथ्याची रंगभूमी

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’च्या रूपाने मराठी पडद्यावर बोलू लागली, परंतु १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून विभक्त झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, जेथे दफ्तरी मराठी आणि घरोघरी भिल्ली, मावची, पावरी वा अहिराणी असा व्यवहार आहे, तेथे नाट्यकलेने राजाश्रयाची वाट न पाहता जत्रेचा आश्रय घेतला. येथील आदिवासी सोंगाड्या पार्ट्या, म्हणजे लोकनाट्य मंडळ्या, उघड्या मैदानात रात्र जागवतात. स्त्रीभूमिका पुरुष वठवतात, आणि संवाद लिखित संहितेपेक्षा नटांच्या स्मरणावर व हजरजबाबीपणावर चालतात, ज्यात या कलेचे खरे ऐश्वर्य आहे असे आमचे निश्चित मत आहे. दत्तजयंतीस तापीकाठच्या सारंगखेड्यात घोड्यांचा बाजार भरतो, तेव्हा तमाशाचे फडही तेथे उतरतात. या भागात चित्रपटाचा प्रपंच अलीकडचा. नाशिक जिल्ह्यातील मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ निर्माण केला. सोंगाड्यांचे खेळ ध्वनिचित्रमुद्रित करून जतन करण्याचे कार्य मात्र जिल्ह्यातील महाविद्यालयांनी विनाविलंब अंगावर घ्यावे.