मोटारीचा ज्वर मोजताना

माणसाला ज्वर आला की वैद्य प्रथम तापमापक मागवितो. तो जिभेखाली धरला तर एक आकडा येतो, काखेत धरला तर थोडा निराळा येतो, हे घरोघरी ठाऊक आहे. मोटारीच्या एंजिनासही ज्वर येतो. आणि तो मोजतानाही ‘मापक कोठे ठेवावा’ हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. जुन्या मोटारीला पाण्याचे उष्णतामान दाखविणारे मापक कसे बसवितात, याची माहिती प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे. वर्गात शिकलेले पदार्थविज्ञान येथे प्रत्यक्ष कामास आलेले दिसेल.

पेट्रोलच्या ज्वलनातून जी उष्णता निघते, तिचा लहानसाच वाटा चाके फिरविण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता काही धुराबरोबर निघून जाते आणि काही एंजिनाच्या धातूत शिरते. धातूतील ही उष्णता वाहून नेण्यासाठी सिलिंडरांभोवती पाणी खेळविलेले असते. तापलेले पाणी वरच्या रबरी नळीतून रेडिएटरमध्ये जाते, तेथे वाऱ्याने निवते आणि खालच्या नळीने पुन्हा एंजिनात येते. हा फेरा कोठे अडला, तर प्रथम पाणी उकळते, मग सिलिंडरांवरचे झाकण, म्हणजे हेड, वाकते. त्याखालील गॅस्केट फाटते आणि शेवटी पिस्टन जागीच आवळून बसतात. हे सारे थोड्या मिनिटांत घडू शकते. म्हणून ज्वराची पहिली चाहूल लागणे अगत्याचे असते.

फार पूर्वीच्या गाड्यांत ही सूचना देण्याची एक गमतीदार योजना होती. अमेरिकेत १९१० नंतरच्या दशकात ‘बॉइस मोटोमीटर’ नावाचा तापमापक रेडिएटरच्या झाकणावरच उभा बसवीत आणि चालक आपल्या आसनावरून त्याच्याकडे पाहत असे. पुढे मापक चालकासमोरच्या फळीवर आले. तथापि सर्वच गाड्यांना ते मिळाले नाही. इंग्लंडची मॉरिस मायनर ही गाडी याचे उत्तम उदाहरण होय. ॲलेक इसिगोनिस यांनी रचलेली ही गाडी १९४८ साली बाजारात आली आणि १९७० नंतर लवकरच तिचे उत्पादन थांबेपर्यंत सोळा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्या पहिल्या एंजिनात पाणी फिरविण्यास पंपदेखील नसे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे आणि निवलेले जड पाणी खाली उतरे, एवढ्यावरच काम भागे. पुढच्या एंजिनांत पंप आला. परंतु १९५६ पासूनच्या ‘मायनर १०००’ मध्येही वेगमापक आणि त्यातच पेट्रोलचा काटा असे. पाण्याच्या उष्णतामानाचा काटा नसे. म्हणूनच आज या जुन्या गाड्या जपणारे लोक तो हौसेने बसवून घेतात.

मापक दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात पितळेच्या लहान कुपीत लवकर वाफ होणारा द्रव भरलेला असतो. पाणी तापले की त्या वाफेचा दाब केसासारख्या बारीक नळीतून मापकापर्यंत पोहोचतो आणि काटा हलवितो. कुपी, नळी आणि मापक हे सारे एकसंध असते; नळी तुटली की मापक निकामी झाला. दुसरा प्रकार विजेवर चालतो. त्यातील पाण्यात बुडणाऱ्या भागास ‘सेंडर’ म्हणतात. बाहेरून तो स्क्रूसारखा दिसतो, पण त्याच्या पोटात तापल्यावर विजेला कमी विरोध करणारा पदार्थ असतो. लोखंड वा तांबे तापले तर त्याचा विरोध वाढतो. येथे नेमके उलट घडते. असा गुण मायकेल फॅरडे यांना १८३३ साली सिल्व्हर सल्फाइड या संयुगात प्रथम आढळला होता. पाणी जितके तापेल, तितका विरोध कमी, प्रवाह अधिक आणि काटा पुढे. मात्र सेंडर आणि मापक एकमेकांच्या जोडीचे असले पाहिजेत. एका जोडीचा सेंडर दुसऱ्या जोडीच्या मापकास लावला, तर काटा हलेल, पण खरे सांगणार नाही.

आता मुख्य प्रश्न: सेंडर बसवावा कोठे? मायनरच्या एंजिनात हेडच्या पुढच्या टोकाला थर्मोस्टॅट असतो. ही उष्णतेने आपोआप उघडणारी झडप होय. पाणी सुमारे ८२ अंश सेल्सिअस होईपर्यंत ती बंद राहते आणि पाणी रेडिएटरमध्ये न जाता एंजिनातच फिरून लवकर गरम होते. पुष्कळ हेडांना या थर्मोस्टॅटच्या खालीच, रेडिएटरच्या बाजूस, आटे पाडलेले आणि बुचाने बंद केलेले छिद्र असते. तीच सेंडरची योग्य जागा. काही हेडांना हे छिद्र नसते. तेव्हा सोपा उपाय म्हणून वरची रबरी नळी कापून मधोमध धातूचा जोड घालतात आणि त्यात सेंडर बसवितात. परंतु ही जागा थर्मोस्टॅटच्या पलीकडची आहे. थर्मोस्टॅट बंद स्थितीतच अडकला, तर एंजिनातले पाणी उकळू लागेल आणि नळीतला काटा मात्र ‘थंड’ दाखवीत राहील. ज्या संकटासाठी मापक बसविला, त्याच संकटात तो मुका! शिवाय रबरातून वीज वाहत नसल्याने त्या जोडापासून गाडीच्या सांगाड्यापर्यंत वेगळी तार ओढावी लागते. म्हणून शक्य असेल तर चांगल्या कारागिराकडून हेडलाच छिद्र पाडून आटे घालून घेणे श्रेयस्कर.

बसविण्यापूर्वी सेंडरची परीक्षा घ्यावी. हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येतो. चंचुपात्रातील पाण्यात सेंडरचे टोक आणि तापमापक बुडवावे, सेंडरच्या वरच्या टोकास आणि धातूच्या अंगास विरोधमापकाच्या तारा जोडाव्यात, आणि पाणी तापवीत दर दहा अंशांनी विरोध नोंदवावा. आलेख काढला तर सरळ रेषा न येता वक्र येईल: प्रथम झपाट्याने, नंतर सावकाश उतरणारा.

प्रत्यक्ष काम एंजिन पूर्ण थंड असतानाच करावे. बॅटरीची सांगाड्याला जोडलेली तार प्रथम सोडावी. मायनरमध्ये हे धन टोक असते, हे ध्यानात ठेवावे. रेडिएटरच्या तोटीतून पाणी स्वच्छ भांड्यात इतके काढावे की पातळी हेडच्या खाली जाईल. बूच कित्येक वर्षांचे गंजलेले असते. त्यावर तेल सोडून रात्रभर ठेवावे. जोर केला तर हेडचे आटे जातात आणि दहा मिनिटांचे काम दहा दिवसांचे होते. नवा सेंडर प्रथम बोटांनीच फिरवावा. दोन वेढ्यांनंतर तो अडला, तर आटे जुळत नाहीत असे समजून थांबावे आणि योग्य जोड मिळवावा. खाली तांब्याचा वॉशर घालावा. आट्यांवर फितीचे जाड वेढे देऊ नयेत, कारण विजेचा परतीचा मार्ग त्या आट्यांतूनच असतो. मग किल्लीच्या स्विचपासून फ्यूजमार्गे मापकाकडे आणि मापकापासून सेंडरकडे तार न्यावी; ती धुराच्या तापलेल्या नळापासून दूर बांधावी. शेवटी पाणी भरून एंजिन चालू करावे, आत अडकलेली हवा निघू द्यावी आणि पातळी पुन्हा पाहावी.

काटा वाचणे हेही शिकावे लागते. रेडिएटरचे झाकण दर चौरस इंचास ७ पौंड दाब धरून ठेवणारे असेल, तर पाणी सुमारे ११२ अंशांपर्यंत उकळत नाही. दाब सुटताच मात्र ते तत्क्षणी उसळते. म्हणून तापलेल्या एंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. घाट चढताना काटा थोडा वर जाणे स्वाभाविक आहे. तो थांबत नसेल तर गाडी उभी करावी. पण त्याहून फसवी गोष्ट म्हणजे चढता काटा एकाएकी खाली येणे. नवशिक्यास वाटते, एंजिन निवले! बहुधा तेव्हा पाणी गळून गेलेले असते आणि सेंडर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत उघडा पडलेला असतो. अशा वेळी एंजिन ताबडतोब बंद करणे हाच एक उपाय.

मापक खोटे बोलत नाही. परंतु तो जेथे बसविला आहे, तेथलेच सांगतो. काट्याकडे पाहताना त्याचे दुसरे टोक कोठे आणि कशात बुडालेले आहे, हे ज्याला माहीत असते, त्यालाच काट्याची भाषा कळते.