दारचा मोर, दूरचा मोर

परमुलखातल्या पाखराचे माणसाला भारी अप्रूप. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान गोव्याहून नाना चिजा घेऊन दरबारात आला. त्यांत एक टर्की होता, मूळचा अमेरिकेतला, पोर्तुगीजांमार्फत इकडे पोचलेला. बादशहाने हौसेने त्याचे चित्र काढवून घेतले. उस्ताद मन्सूरचे ते चित्र आता लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

त्याच लंडनमध्ये १८७६-७७ साली व्हिसलर या चित्रकाराने एका जहाजमालकाची जेवणाची खोली निळी-हिरवी करून तीत सोनेरी मोर रंगवले. तो 'मयूरकक्ष' पुढे अमेरिकेत वॉशिंग्टनला गेला. आणि हा निळा मोर मूळचा कुठला? आपल्याकडचा!

बँकेच्या नोकरीत मी काही वर्षे बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याला होतो. शेजारच्या पाटोदा तालुक्यात नायगावच्या माळावर मोरच मोर. १९९४ साली तिथे मयूर अभयारण्य झाले. त्या भागातल्या शेतकऱ्याला मोराचे कसले अप्रूप? पेरलेले दाणे टिपणारा, एवढीच त्याची ओळख. पण घरातली जुनी ट्रंक उघडावी, तर पैठणीच्या पदरावर तोच मोर मानाने बसलेला. बांगडीएवढ्या वर्तुळात बसला तर तो 'बांगडी मोर'. काठावर हिरवी, लाल चोचीची 'मुनिया', कुठे पोपट-मैनेची जोडी. पैठणच्या आणि येवल्याच्या विणकरांनी अंगणातलीच पाखरे रेशमात आणली.

हा मोर छापलेला नव्हे की भरतकामाचाही नव्हे. प्रत्येक रंगाचा धागा वेगळा घेऊन हाताने ताण्यात गुंतवत तो विणतात. म्हणून पदर उलटून पाहिला तरी मोर तसाच दिसतो.

जुन्या पैठणीची जर चांदीची, वर सोन्याचा मुलामा. अडीनडीला कित्येक घरांनी पदर जाळून ती चांदी काढली. त्यांना दोष कसा द्यावा? बँकेत आम्हीही सोनेतारणाला वजन आणि कस तेवढा लिहून घ्यायचो. कारागिराच्या बोटांसाठी रकाना नव्हता.

माळावरच्या मोराला अभयारण्य मिळाले. पदरावरच्या मोराचे अभयारण्य म्हणजे आपले कपाट. आजीची पैठणी असेल तर आज बाहेर काढा. घडी बदला, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. आणि ठेवण्यापूर्वी नातवंडांना पदराची उलटी बाजू जरूर दाखवा.