स्वमग्नता : वेळेवर ओळखण्याचे महत्त्व

'मूल उशिरा बोलेल, काळजी नको,' असे घरोघरी सांगितले जाते. जबलपूरच्या मदन महलसारख्या भागात, जेथे मराठी घरांतील मुलांच्या कानी घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी पडते, तेथे या समजुतीला दोन भाषांच्या गोंधळाचे कारणही जोडले जाते. संशोधनाने त्याला दुजोरा दिलेला नाही. द्विभाषिक वातावरणाने स्वमग्नता उद्भवत नाही. मात्र अशा समजुतीमुळे तपासणी लांबते.

स्वमग्नता अर्थात ऑटिझम ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये तिचे वर्णन केले. संगोपनातील उणीव हे तिचे कारण नव्हे. आनुवंशिक घटकांचा तीत मोठा वाटा असतो.

प्रारंभिक लक्षणे

वाचेपेक्षा नजर आणि हावभाव अधिक लवकर सूचना देतात. वर्षाचे मूल नावाने हाक मारूनही वळून न पाहणे, 'टाटा'सारखे हातवारे न करणे. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द न उच्चारणे. दीड वर्षाचे होऊनही आवडती वस्तू बोटाने न दाखवणे. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द न जोडणे, ही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. आलेले शब्द नाहीसे होणे ही तर कोणत्याही वयात गंभीर बाब होय. ऐकू न येणारे मूल बोलत नसले, तरी सहसा नजर व खुणांनी संवाद साधते. म्हणून श्रवणचाचणी आवश्यक ठरते. अर्थात, एखादे लक्षण म्हणजे निदान नव्हे.

धोरणात्मक तरतुदी

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिची दखल घेतली आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत तिचा समावेश झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अभिप्रेत आहे. संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तेथील सेवा विनामूल्य असतात.

पहिल्या काही वर्षांत मेंदूची घडणक्षमता सर्वाधिक असते. त्या काळात मिळालेल्या वाचा व वर्तन प्रशिक्षणाने पुढील परावलंबन आणि कुटुंबावरील खर्चाचा भार कमी होऊ शकतो. तथापि, ही साखळी घरापासूनच सुरू होते. पालकांची शंका 'थांबून पाहू' असे म्हणून न टाळता अंगणवाडी सेविकेने ती केंद्रापर्यंत पोहोचविली, तरच कायद्यातील तरतूद बालकापर्यंत पोहोचेल.