जुळ्यांतला कोणता आधी पिकेल?

शाळेच्या मॅचमध्ये शतक ठोकणाऱ्या पोराला कुणी लगेच रणजीत घेत नाही. धावा कुणापुढे काढल्या, हे आधी विचारतात. स्वीडनच्या आइस हॉकीतले पारखीही तेच विचारतात. कुमार लीगमध्ये गोलांची रास घालणाऱ्यापेक्षा, सतराव्या वर्षी दाढीमिशीवाल्या व्यावसायिकांत जेमतेम आठ-दहा मिनिटं तग धरणारा कधीकधी जास्त भाव खातो.

मग मैदान. स्वीडनमधलं पारंपरिक मैदान ३० मीटर रुंद, ज्या अमेरिका-कॅनडातल्या ‘एनएचएल’ लीगसाठी ही पारख चालते, तिचं सुमारे २६. चार मीटरनं असं काय बिघडतं? अंगणात सायकल शिकलेल्याला बोळात घालून बघा! कडेनं वळसा घ्यायला जागा नाही. चकती काठीला लागते न लागते तोच प्रतिस्पर्धी अंगावर. म्हणून मी तरी पायांइतकीच मान बघेन: चकती येण्याआधी पोरगा खांद्यावरून मागं नजर टाकतो का?

तरीही अंदाज चुकतात, कारण एनएचएलचे संघ पोरांची निवड करतात ती अठराव्या वर्षाच्या आसपास. अढीतले सगळे आंबे एकाच दिवशी थोडेच पिकतात? गोलरक्षक तर हमखास उशिरा पिकणारी जात.

२००० सालच्या निवडीत लुंडक्विस्ट हे जुळे भाऊ होते. आघाडीला खेळणारा योएल ६८वा निवडला गेला, गोलरक्षक हेनरिक थेट २०५वा. पुढं एनएचएलच्या नियमित हंगामांत योएल १३४ सामने खेळला. हेनरिक ८८७.